रहिवास आणि त्याचा पुरावा

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रांवर डोमिसाईलसाठी, म्हणजे अधिवास प्रमाणपत्रासाठी, पालकांच्या रांगा लागतात. वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल, तर विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी ठरावा लागतो. तो कशाच्या आधारे ठरवावा, हा केवळ कारकुनी प्रश्न नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्याचा इतिहासच याबाबत बोलका आहे. परभणीतील एखादे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहिले, तरी १९४८ पर्यंत ते निजामाच्या संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात गणले गेले. सीमा सरकल्या, माणसे जागीच राहिली. रहिवास ठरतो तो प्रत्यक्ष जगण्यावरून.

रहिवासाची अट मुळातच अन्याय्य आहे, असे मी म्हणणार नाही. सरकारी नोकऱ्यांतील अशा अटीवर ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी तिची गरज मान्य केली. परंतु ती प्रांतोप्रांती वेगवेगळी नसावी, म्हणून अधिकार संसदेकडे सोपवला. शिक्षणाच्या बाबतीत १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयाचा अधिवास एकच, तो भारताचा, असे स्पष्ट करूनही एमबीबीएससाठी रहिवासाची अट मर्यादित प्रमाणात मान्य केली. मागास प्रदेशातील मुलांना संधी मिळावी, हा तिचा हेतू आहे.

मात्र ज्यांच्यासाठी हा हेतू, त्यांच्याचकडे कागद कमी असतात. भूमिहीनाकडे सातबारा नाही, भाड्याच्या खोलीचे वीजबिल मालकाच्या नावे. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाणाऱ्या आईबापांचे मूल कारखान्याच्या तळावर जन्मले, तर जन्माची नोंद दुसऱ्याच जिल्ह्यात वा राज्यात. पंधरा वर्षांचे सलग वास्तव्य अशा कुटुंबाने सिद्ध करायचे कसे?

अशा वेळी निवासी शाळेचे जनरल रजिस्टर व वसतिगृहाचे हजेरीपत्रक यांना प्रमुख पुराव्याचा मान मिळाला पाहिजे. आईबाप फडात असताना मूल वर्षानुवर्षे येथेच जेवले, झोपले, शिकले. याहून सबळ वास्तव्य कोणते? खोटे दाखले निघतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणजे कचेरीने शाळेकडून नोंद पडताळून घेणे. मुलाला हेलपाटे घालायला लावणे नव्हे.

शासनाने हे करेपर्यंत आपणही हात बांधून बसू नये. पालकांनी आठवीतच मुलाचा जन्मदाखला, शिधापत्रिका व आधीच्या शाळांचे दाखले एकत्र करावेत. नावातील चुका तेव्हाच दुरुस्त करून घ्याव्यात. महसूल खात्यात व वकिलीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दर उन्हाळ्यात शाळेत दोन दिवस द्यावेत. गुणवत्ता असूनही एका कागदावाचून जागा गेली, असे आपल्या एकाही मुलाबाबत घडू नये.