चिंगीचा "बंदोबस्त"

मांजर सोफा ओरबाडतं हा मांजराचा गुन्हा नाही, हे एकदा स्पष्ट लिहून टाकावं म्हणून ही पोस्ट. फोनवर सांगून झालं, पंगतीत सांगून झालं. पण आमच्या नातेवाईकांत तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही. इथे लिहिलेलं मात्र वाचतात, निदान भांडायला तरी :-) आखाजीला सगळे जळगावला आमच्याकडे जमणार आहेत आणि त्याच्या आत चिंगीचा "बंदोबस्त" करा, असं फर्मान धुळ्याहून, म्हणजे माझ्याच माहेराहून निघालंय. कारण काय, तर नव्या सोफ्याचा एक हात आणि गालिच्याचा एक कोपरा.

मला सगळ्यात खटकतो तो "खोड" हा शब्द. मांजराची खोड मोडा म्हणे. अहो, खोड ही लागलेली असते, म्हणून ती मोडता येते. नखं परजणं हे मांजराला कुणी शिकवलेलं नाही, दूध पिती पिल्लंही ते करू लागतात. मांजराच्या नखावर थरावर थर असतात. वरचा जुना थर ओरबाडल्याने सुटून पडतो आणि खालून नवं टोकदार नख बाहेर येतं. सोफ्याखाली झाडताना नखाची पोकळ टरफलं सापडतात ती हीच. शिवाय पंजाच्या गाद्यांमधे ग्रंथी असतात, त्यांचा वास त्या जागी राहतो. आपल्याला येत नाही, दुसऱ्या मांजराला येतो. आणि झोपून उठल्यावर खांदे-पाठ ताणायची असते ती वेगळीच. सकाळी उठून आळस दिला म्हणून नानांना कुणी चप्पल फेकून मारलेली मी तरी पाहिली नाही.

पांझरेकाठच्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरात चार मांजरं होती. तिथे ही तक्रार कधीच का नव्हती, याचा विचार कुणी केलाय का? तिथे खणाखणाला लाकडी खांब होता, खडबडीत, खालच्या दोन-तीन हातांत नखांनी सोलून निघालेला. परसात बाभळीचं खोड होतं. बाज होती. कणगीतली दादर उंदरांपासून वाचत होती, म्हणून मांजर हवंच होतं. खांबावरचे ओरखडे बघून आजी फार तर म्हणायची, "मांजर शे ती, नखं मारीच." विषय संपला. आता घर फ्लॅटमधे आलं. फरशी गुळगुळीत, भिंतीला प्लास्टिक पेंट, दारं सनमायकाची. त्या सगळ्या घसरड्या घरात घट्ट उभी राहणारी, नख रुतेल अशी एकच वस्तू आपण आणून ठेवली, ती म्हणजे सोफा. मग मांजराने काय टीव्हीवर नखं परजायची?

आता तुमचे उपाय बघू. पहिला, ओरडा किंवा पाणी मारा. यातून मांजर एवढंच शिकतं की ही बाई समोर असताना ओरबाडायचं नाही. रात्री दोनला कोण पाणी मारणार?

दुसरा उपाय अमेरिकेतल्या भाच्याने सुचवला. ऑपरेशन करून नखंच काढून टाका म्हणे, तिकडे करतात. करायचे, बाळा, अजूनही बऱ्याच ठिकाणी करतात. पण ते नख काढणं नसतं. नख हाडातून उगवतं, म्हणून ते शेवटचं हाडच छाटतात. आपल्या बोटाचं टोकाचं पेर छाटावं तसं, आणि पुढच्या दोन पायांची मिळून अशी दहा पेरं. इस्रायलने २०११ मधे यावर बंदी आणली, न्यूयॉर्कने २०१९ मधे, आणि अशी बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. तिकडचं इथे आणायचंच असेल तर निदान ताजं तरी आणा.

तिसरा उपाय अस्सल आपला. पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. हे सांगताना आवाज इतका मवाळ असतो की वाटावं मांजराला हवापालटाला पाठवताहेत. "तिथे राहील की मोकळी." कशी राहील? मांजर जागेला धरून राहणारा प्राणी. वासाने बांधलेलं त्याचं सगळं जग या तीन खोल्यांत आहे. आखाजीच्या सुमाराला जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या उन्हात हायवेच्या कडेला अनोळखी कुत्र्यांमधे तिला सोडायचं आणि वर घरी येऊन अक्षय्य पुण्याच्या गप्पा मारायच्या. प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा याला गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात भरीत आणि कळण्याची भाकरीही धड येत नाही, त्यामुळे कायद्याचा धाक मी घालत नाही.

सोफ्याला पैसे पडलेत हे मलाही मान्य आहे. हप्ते मीच भरतेय. ओरबाडू दे, असं मी म्हणतच नाहीये. पण तिला सोफ्यापेक्षा चांगलं काही दिल्याशिवाय ती सोफा सोडणार नाही, एवढं साधं गणित आहे.

आम्ही वखारीतून कडुनिंबाचा ओंडका आणला, तीन फुटांचा. चिंगी मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल इतका उंच. खाली जड फळी ठोकली, कारण एकदा डुगडुगला की मांजर त्याच्याकडे पुन्हा ढुंकून बघत नाही. त्यावर तागाची सुतळी घट्ट गुंडाळली. हे सगळं बरेच जण करतात, पण मग तो खांब गॅलरीत नेऊन ठेवतात, दिसायला वाईट म्हणून, आणि म्हणतात, "बघा, वापरत नाही!" तो सोफ्याच्या त्याच हाताला खेटून ठेवायचा. सोफ्याच्या हाताला गुळगुळीत चादर ताणून बांधायची किंवा दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावायची, मांजराला पंजे चिकटलेले आवडत नाहीत. सवय झाली की खांब रोज वीतभर सरकवा. गालिच्यासाठी एक गोणपाट जमिनीवर अंथरलं, कारण काही मांजरांना आडवं ओरबाडायचं असतं. पावसाळ्यात पडीक जागेत खोकली उगवते, तिचं मूळ उपटून खांबाला चोळलं तर मांजरं अक्षरशः लोळतात, तेही तेव्हा करणार आहे. आणि दोन-तीन आठवड्यांनी नखाचं फक्त पारदर्शक टोक कापायचं, आतल्या गुलाबी भागाला धक्का न लावता. त्यात रक्तवाहिनी असते.

तीन आठवडे झाले. सोफ्यावर नवा ओरखडा नाही. गालिच्यावर एक आहे, तो दूर नव्हता म्हणून गोणपाट आता त्याच कोपऱ्यावर आणलंय.

तेव्हा मंडळी, आखाजीला या, पुरणपोळी खा, झोके बांधू. बैठकीत सोफ्याला लागून सुतळी गुंडाळलेला एक ओबडधोबड ओंडका दिसेल. तो चिंगीचा आहे. काकांनी कृपया त्यावर ओला टॉवेल टाकू नये.