काचेच्या कॅबिनेटमधला पैसा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावात, गेमिंग पीसीचे कोटेशन मागितले की त्यात आधी नजरेत भरते ते काच लावलेले कॅबिनेट. मग रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे, पाण्यावर चालणारा कूलर, नावात ‘सेव्हन’ किंवा ‘नाइन’ असलेला प्रोसेसर, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड. बेरीज ऐकून गिऱ्हाईक दचकले, तर त्याच्यासाठी तीन सल्ले तयार असतात. दुकानदार म्हणतो, पैसे कमी केले की वेग कमी होणारच. घरातले वडीलधारे म्हणतात, घ्यायचेच तर एकदाच काय ते चांगले घ्यावे. काटकसरी मित्र सांगतो, प्रत्येक पार्ट एकेक पायरी खालचा घे, झाले काम. तिन्ही सल्ले शहाणपणाचे वाटतात. खोलात गेले तर एकही टिकत नाही.

आधी दुकानदाराचे म्हणणे. किमतीबरोबर गेमचा वेग वाढत असता, तर एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स या प्रोसेसरने त्याच कंपनीच्या रायझन ७ ७८००एक्स३डीला सहज मागे टाकले असते. पहिला सप्टेंबर २०२२ मध्ये ६९९ डॉलरना बाजारात आला. त्यात १६ कोअर. दुसरा एप्रिल २०२३ मध्ये ४४९ डॉलरना आला. त्यात निम्मे, म्हणजे ८ कोअर. तरीही बहुतेक गेममध्ये स्वस्त प्रोसेसरच पुढे राहिला. १६ कोअरना एकाच वेळी पुरेल इतके काम गेम क्वचितच देतो. त्याला हवी असते प्रोसेसरच्या अगदी लगतची, चटकन हाती लागणारी मेमरी. ही एल३ कॅश स्वस्त प्रोसेसरमध्ये ९६ एमबी आहे, महागात ६४. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याला जास्तीचे २५० डॉलर वसूल होतात. नुसते गेम खेळणाऱ्याच्या ते पदरात पडत नाहीत.

बरे, ४४९ डॉलरही प्रत्येकाने मोजायची गरज नाही. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. हे पिक्सेल रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. रिझोल्यूशन आणि ग्राफिक्सची सेटिंग चढवत नेली की आधी दम लागतो तो कार्डाला. प्रोसेसर पुढच्या फ्रेमची वाट पाहत बसतो. त्यामुळे आरटीएक्स ४०६० च्या दर्जाच्या कार्डाशेजारी सहा कोअरचा रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५ १२४००एफ बसवला काय आणि दुप्पट किमतीचा प्रोसेसर बसवला काय, नव्या भव्य गेममध्ये फरक बहुधा मोजण्याच्या यंत्रालाच कळतो.

अपवाद आहे तो स्पर्धात्मक नेमबाजीच्या गेमचा. तिथे सेटिंग खाली आणि फ्रेम्स शेकड्यांत हव्या असतात, म्हणून प्रोसेसरला महत्त्व येते. पण हे गेम मुळातच हलके असतात. २०२० मध्ये व्हॅलोरंट आला, तेव्हा रायट गेम्सने सेकंदाला १४४ फ्रेम्ससाठी सुचवलेले कार्ड होते जीटीएक्स १०५० टीआय. हे कार्ड २०१६ मध्ये १३९ डॉलरना आले होते. दिवसाचे चार तास फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्या मुलाला लाखाचा पीसी गळ्यात मारणे ही कामगिरीची गरज नव्हे, विक्रीची आहे.

वडीलधाऱ्यांचे ‘एकदाच चांगले’ मात्र आदराने खोडावे लागते, कारण ते तत्त्व गोदरेजच्या कपाटाला अगदी लागू पडते. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स २०८० टीआय आले. जाहीर किंमत ९९९ डॉलरपासून पुढे. कंपनीची स्वतःची आवृत्ती ११९९ डॉलरची. ऑक्टोबर २०२० मध्ये ४९९ डॉलरचे आरटीएक्स ३०७० आले आणि गेममध्ये जवळजवळ त्याच्या बरोबरीला पोहोचले. आता २०८० टीआय न घेणाऱ्या ग्राहकाचा हिशेब मांडता येतो. त्याने २०१८ मध्ये ४९९ डॉलरचे आरटीएक्स २०७० घेतले आणि दोन वर्षांनी ३०७०. एकूण ९९८ डॉलर. दोन वर्षे तो थोडा मागे राहिला, नंतर बरोबरीला आला, आणि जुने कार्ड विकून आलेले पैसे वर.

यावर आक्षेप ठरलेला आहे: २०२० च्या अखेरीस कार्डे जाहीर किमतीला मिळत होती कुठे? आक्षेप खरा आहे. क्रिप्टो मायनिंग आणि चिप-टंचाईमुळे ३०७० दीड-दोन पटीने विकले जात होते. पण त्याच टंचाईत जुन्या कार्डांचे भावही वर चढले होते. वापरलेले २०७० विकणाऱ्याचा खिसा रिकामा राहत नव्हता. शिवाय २०१८ मध्ये जास्तीचे ५०० डॉलर भरणाऱ्याला ही टंचाई दिसत होती, असे तर कोणी म्हणणार नाही. भविष्याची तरतूद म्हणून आज घेतलेला महाग पार्ट हा बहुतेक वेळा भविष्याविषयीचा महाग अंदाज असतो.

राहिला मित्राचा सल्ला, प्रत्येक पार्ट एक पायरी खाली. तिघांत सर्वांत घातक हाच, कारण तो काटकसरीसारखा दिसतो. सगळीकडे सारखी कात्री लावली की जिथे काहीच बिघडत नाही तिथे ती जेमतेम चालते आणि जिथे लावूच नये तिथे खोल जाते. अशा जागा दोन.

पहिली एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या अनेक बिननावाच्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असते, पण कार्ड आणि प्रोसेसर ज्या १२ व्होल्टच्या वाटेवर जगतात तिथे तेवढी ताकद नसते. ‘८० प्लस’चा शिक्काही पुरेसा नाही, तो विजेचा अपव्यय किती कमी होतो हे सांगतो, संरक्षण-सर्किट किती भरवशाचे हे नाही. २०२१ मध्ये गोल्ड शिक्क्याच्या गिगाबाइट पी७५०जीएम या मॉडेलमध्ये चाचण्यांदरम्यान स्फोट झाल्याचे उघड झाले आणि कंपनीला ठरावीक क्रमांकांचे नग बदलून द्यावे लागले. मात्र दर्जा हवा म्हणजे वॉटही भरमसाट हवेत असे नाही. आरटीएक्स ४०६० ची कमाल गरज ११५ वॉट, रायझन ५ ५६०० ची सुमारे ७६. बाकी सगळे धरूनही बेरीज ३०० च्या आत राहते. चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस तिथे पुरून उरतो. काटकसर वॉटवर करावी, बनावटीवर नाही.

दुसरी जागा ग्राफिक्स कार्डाची मेमरी. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला, तेव्हा ८ जीबीची कार्डे वरच्या सेटिंगवर अडखळली. त्या आवृत्तीत दोष होते आणि पुढच्या अपडेटनी ते बरेचसे दूर केले. पण दिशा स्पष्ट झाली. एप्रिल २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय दोन रूपांत आले: ८ जीबी ३७९ डॉलरना, १६ जीबी ४२९ डॉलरना. चिप तीच, फरक ५० डॉलरचा. ‘एक पायरी खाली’वाला मित्र हे ५० डॉलर वाचवतो, आणि दोन वर्षांनी टेक्स्चरची सेटिंग खाली ओढत बसतो.

मग कापायचे कुठे? निकष एकच: या पार्टवर खर्च केल्याने पडद्यावरची फ्रेम लवकर तयार होते का? होत नसेल आणि भरवसाही वाढत नसेल, तर तिथले पैसे काढून कार्डाकडे वळवावेत. कॅबिनेटची पुढची बाजू काचेची असण्यापेक्षा जाळीची असलेली बरी. हवा आत जाते, आणि जाळी बहुधा स्वस्तही पडते. रायझन ५ ५६०० खोक्यातल्या कूलरसह येतो आणि तो ६५ वॉटचा प्रोसेसर आहे. त्याला पाण्याचा कूलर म्हणजे शोभा. कोअर आय५ १२४००एफ ओव्हरक्लॉक करण्यासाठी बनलेलाच नाही, म्हणून त्याच्याखाली महाग झेड मालिकेचा मदरबोर्ड घालून वेग मिळत नाही. साध्या बी मालिकेवर तो तितकाच धावतो. नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, आणि स्वतंत्र कार्ड घेणाऱ्याला ते लागतही नाही. एसएसडीचे तेच. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणे डोळ्यांना दिसते. पण सेकंदाला ३,५०० एमबीची जेन ३ आणि १४,००० एमबीपर्यंत जाणारी जेन ५ यांच्यात गेम उघडायला लागणाऱ्या वेळेचा फरक बहुतेकदा किरकोळ असतो.

काही वेग तर विकत घेऊनही पडून राहतो. १६ जीबी रॅम एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्यांत घेतली की मेमरीचे दोन्ही मार्ग उघडतात. बायोसमध्ये रॅमला जाहीर वेग देणारी एक्सएमपी ही सेटिंग चालू केली नाही तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० हर्ट्झच ठेवणारे आणि मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावणारेही कमी नाहीत. जून २०२१ पासून एएमडीचे एफएसआर तंत्र जुन्या, अगदी एनव्हिडियाच्या जीटीएक्स कार्डांवरही चालते. कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे केल्याने फ्रेम्स वाढतात. १०८०पीवर चित्र थोडे पुसट होते, ही त्याची किंमत. पैसे मात्र लागत नाहीत.

खरी लांब पल्ल्याची तरतूद मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमध्ये आहे. २०१७ मध्ये बी३५० मदरबोर्डवर पहिला रायझन बसवणाऱ्याला २०२२ मध्ये बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. बोर्ड तोच, रॅमही तीच. इंटेलकडे त्याच काळात नव्या पिढ्यांसाठी बोर्ड पुन्हा पुन्हा बदलावा लागला. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशियल या ग्राहक ब्रँडमधून बाहेर पडण्याची घोषणा केली. अशा बाजारात घरात असलेल्या डीडीआर४ पट्ट्या ठेवून फक्त प्रोसेसर आणि कार्ड बदलणे, ही नवा पीसी जुळवण्यापेक्षा मोठी बचत ठरते.

सेकंडहँड कार्डाचीही उगाच भीती घातली जाते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धत सोडली आणि मायनिंगमधली कार्डे बाजारात आली. त्यांची झीज प्रामुख्याने पंख्यांत आणि थर्मल पॅडमध्ये होते. बिल मागावे, विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून तापमान पाहावे आणि जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडावे. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेला माल ते बहुधा पकडते. सेकंडहँड एसएमपीएस मात्र घेऊ नये.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग कन्सोलच का नको? पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला, आणि तेव्हा त्या पैशांत त्याच्या तोडीचा नवा पीसी जुळवणे शक्य नव्हते, हे मान्य करायला हवे. पण त्याच कन्सोलमुळे पीसीवाल्याला मोजपट्टीही मिळाली. पीएस५ मध्ये एएमडीच्या झेन २ रचनेचे आठ कोअर आणि प्रोसेसर-ग्राफिक्स दोघांत मिळून १६ जीबी मेमरी आहे. मोठे गेम त्यावर चालतील असेच बनवले जातात. त्याच्या जरा पुढचे कार्ड आणि प्रोसेसर असलेला पीसी त्यामुळे एकाएकी निकामी होत नाही. शिवाय ऑनलाइन खेळण्यासाठी पीएस५ वर बहुतेक विकतच्या गेमना पीएस प्लसची वर्गणी भरावी लागते, पीसीवर नाही. अभ्यास, कोडिंग आणि एडिटिंग त्याच यंत्रावर होते. ज्याला यातले काहीच करायचे नाही, फक्त हॉलमधल्या टीव्हीवर गेम खेळायचे आहेत, त्याने कन्सोल घ्यावा.