खायचे दात

माणसाला दात दोनदा येतात, असं मी एकतीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं. तिसऱ्यांदा येतात ते विकत, हे क्रमिक पुस्तकात नव्हतं. असतं तर चांदूर बाजारच्या निदान वीस-पंचवीस पोरांना तरी मी खर्ऱ्यापासून वाचवलं असतं. स्वतःलाही वाचवलं असतं. पण शिक्षकानं आधी शिकवायचं असतं, आचरण ही पुढची इयत्ता.

तर सध्या माझ्या तोंडात कवळी आहे. हे वाक्य लोक कुजबुजून सांगतात, मी चारचौघांत सांगतो. चष्मा लावणाऱ्याला कोणी "डोळे खोटे का हो?" असं विचारत नाही. काठी टेकणाऱ्याला "तिसरा पाय नकली दिसतो," असं म्हणत नाही. दातांनाच तेवढं 'खोटे दात' म्हणायचं! माझं भांडण इथूनच सुरू होतं, आणि वाचकहो, ते लेख संपेपर्यंत चालणार आहे.

पाच वर्षं मी वरणात पोळी कुस्करून खात होतो. त्या पाच वर्षांत माझ्या दातांचा विषय घरात एकदाही निघाला नाही. नातीचं लग्न ठरलं, फोटोवाला कोण सांगायचा ते ठरलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर माझ्या तोंडाबद्दल तातडीची बैठक भरली.

"अवो, व्याह्यांसमोर असं तोंडाचं बोळकं घेऊन उभे रायसान काय?" सौभाग्यवतींनी ठराव मांडला.

"बाबा, अल्बम जन्मभर राहतो," मुलानं अनुमोदन दिलं.

मी जन्मभर राहणार नाही, हे त्यात गृहीत होतं. अल्बमची सोय झाली पाहिजे, हा ठराव एकमतानं पास झाला. पोळीचं नाव कोणी काढलं नाही.

दातांचा डॉक्टर माझा विद्यार्थी निघाला नाही, हे माझं नशीब. नाहीतर वर्गात उपटलेल्या कानांचा हिशेब त्यानं तिथेच चुकता केला असता. त्यानं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "चार दात शिल्लक आहेत, हलतात, काढावे लागतील. मग हिरडी भरून बसेपर्यंत काही महिने थांबू. मग माप घेऊ." हिरडी थांबायला तयार होती. लग्नाची तिथी नव्हती. मुलानं डॉक्टरांच्या मागे लकडा लावला. "ढिली होईल, नंतर पुन्हा बसवावी लागेल," असं ते तीनदा बजावून म्हणाले आणि शेवटी त्यांनी माप घेतलं. म्हणून इथं डॉक्टरांवर माझा राग नाही. राग आमच्यावर आहे.

मग रंगाची निवड. दातांचे रंग असतात हे मला साड्यांच्या दुकानात गेल्याखेरीज कळलं नसतं, पण इथे दवाखान्यातच एक पट्टी निघाली. तीवर ओळीनं दात लावलेले, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. सून म्हणाली, सगळ्यात पांढरा. मी म्हणालो, चहाच्या रंगाचा. माझी चाळीस वर्षांची ओळख आहे. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याला आणि वयाला शोभेल असा घ्यावा. फोटो निघायचा होता, त्यामुळे सून जिंकली. आणि आपण जिला हौसेनं 'बत्तिशी' म्हणतो ना, तिच्यात दात असतात अठ्ठावीस! अक्कलदाढा देतच नाहीत. या वयात अक्कल बाहेरून बसवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असावं.

लग्नात फोटो झकास आले. पंगतीत मी पहिला घास घेतला आणि खालची कवळी घासाबरोबर फिरायला निघाली. वरची टाळूला धरून बसते. खालचीला जागा कमी आणि त्यात जिभेचे धक्के. मी हळूच दोन्ही काढून रुमालात बांधल्या, कोटाच्या खिशात टाकल्या, आणि वरणात पोळी कुस्करली. फोटोत दात तोंडात, जेवताना दात खिशात! हत्तीचं दाखवायचं वेगळं आणि खायचं वेगळं, पण बिचाऱ्या हत्तीला खायचे तरी असतात.

या उलट्या कारभाराला सुलटं उत्तर आमच्याच विदर्भात एका माणसानं देऊन ठेवलं आहे. १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आलेल्या गांधीजींना कवळी होती. ते ती जेवताना लावत आणि जेवण झालं की काढून ठेवत. जगभर गाजलेलं ते बोळकं हसू फोटोवाल्यासमोर उघडं ठेवताना त्यांना कसलाच संकोच वाटला नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. १७८९ साली गादीवर बसले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. बाकीचा संसार पाणघोड्याच्या हाडासारख्या दाताचा, माणसांच्या दातांचा आणि धातूचा. चित्रांत पाहा, ओठ कसे गच्च मिटलेले! एकानं दात दाखवायला घातले नाहीत, खायला घातले, आणि मोकळा हसला. मी वॉशिंग्टनच्या पंगतीतून उठून गांधीजींच्या पंगतीत बसायचं ठरवलं.

पण दात फक्त खायचे असतात असंही नाही. मी मराठीचा मास्तर. त, थ, द, ध, न, ल, स ही दंत्य अक्षरं, हे फळ्यावर हजार वेळा लिहिलं. दात गेल्यावर कळलं, की ती अक्षरं आपली नसतात, दातांची असतात. दात जाताना घेऊन जातात. आमची थोडी संत्र्याची बाग आहे. एकदा बागाईतदारांच्या सभेत मी उठून म्हणालो, "संत्र्याला रास्त दर मिळालाच पाहिजे." तोंडातून निघाला नुसता वारा. मागच्या रांगेतली पोरं हसली, अध्यक्ष महाशय म्हणाले, "बसा गुरुजी, समजलं." काय समजलं? त्या वाक्यात समजण्यासारखं एकही अक्षर शिल्लक नव्हतं! बोळक्या माणसाचं म्हणणं कोणी खोडून काढत नाही, नुसतं "हाव, हाव" म्हणून बाजूला ठेवतात. घरात म्हाताऱ्याचा शब्द चालत नाही, असं आपण म्हणतो. अहो, तो आधी उच्चारता तर आला पाहिजे.

आता या प्रकरणातलं सगळ्यात वाईट वाक्य सांगतो. "या वयात आता दात कायले पाह्यजे?" तुम्हीही ऐकलं असेल. घरोघर ऐकू येतं, आणि तेही प्रेमळ आवाजात. अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता खर्च कशाला, असा त्याचा अर्थ.

हे वाक्य मी म्हटलेलं आहे.

माझ्या मायचे दात अडुसष्टाव्या वर्षी संपले. एक दिवस चुलीशी बसून ती म्हणाली, "बाबू, पल्याडच्या पाटलीनबाईनं दात बसोले म्हंते. मले नाई बसोता येनार काय?"

मी म्हणालो, "माय, या वयात आता दात कायले पाह्यजे?"

ती पदर तोंडाशी धरून हसली. "हाव बाप्पा, तेही खरंच हाय."

त्यानंतर माय सोळा वर्षं जगली. सोळा वर्षं तिनं भाकर दुधात भिजवली, शेंगदाणे खलबत्त्यात कुटले, आणि हुरड्याच्या दिवसांत सगळे शेतात निघाले की "मी घर राखतो" म्हणून मागं राहिली. मला वाटायचं, म्हातारीला घराची माया. ज्या वर्षी तिनं दात मागितले त्याच वर्षी मी हप्त्यानं स्कूटर घेतली होती. स्कूटर सात वर्षं टिकली.

म्हणून ज्याच्या तोंडी ते वाक्य येतं त्याला मी आता जागच्या जागी विचारतो, "किती दिवस राहिले म्हातारीचे? तारीख सांग. तारीख ठाऊक नसेल तर दात बसव."

सरकारचंही तसंच. केंद्रानं २०१७ साली 'राष्ट्रीय वयोश्री योजना' काढली. गरीब ज्येष्ठांना द्यायच्या वस्तूंत काठी, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, चष्मा यांच्या जोडीला कृत्रिम दातही घातले. ज्या कारकुनानं ते घातले त्याच्या घरी नक्की म्हातारी माय असावी. २०२४ साली आपल्या राज्यानं 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आणली. पासष्ट वर्षं झालेल्या गरजू माणसाच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये. कशासाठी? तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा इत्यादी. मी यादी दोनदा वाचली. खाल्लेलं बाहेर टाकायची सोय यादीत नावानिशी आहे. खायची सोय 'इत्यादी'त! माझी मागणी एका शब्दाची आहे. 'इत्यादी'च्या आधी 'कवळी' लिहा.

आणि कवळी काही जादू नव्हे, हेही सांगतो. नाहीतर म्हणाल गुरुजी एजंट झाले. लग्नानंतर आठ महिन्यांनी, हिरडी बसल्यावर, मी कवळी आतून भरून नीट बसवून घेतली. पहिले पंधरा दिवस तोंडाला पाणी सुटायचं आणि 'स' म्हटलं की कुकरची शिट्टी व्हायची. मी रोज दार लावून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचलं. घरच्यांना वाटलं, गुरुजींना पुन्हा शाळेची स्वप्नं पडतात. घास लहान घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. रात्री काढून पाण्यात ठेवायची, पण उकळत्या पाण्यात नाही, वाकडी होते. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं, कारण फरशीवर पडली की एकाच्या दोन. इतकं करून जोर खऱ्या दातांच्या चौथ्या हिश्शाचा, तोही दिवस चांगला असेल तर. तीळ आणि पेरूचं बी कवळीखाली गेलं की संक्रांतीला गोड बोलणं अशक्य. आणि काही वर्षांनी हिरडी झिजते, तेव्हा पुन्हा डॉक्टर. फार खर्च झेपत नसेल तर नागपूरला १९६८ पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे, अमरावतीलाही दंत महाविद्यालय आहे. तिथं शिकणारी पोरं गुरुजनांच्या देखरेखीखाली कवळ्या करतात आणि पैसे कमी पडतात. चार-पाच खेपा होतील. होऊ द्या. पोराच्या ॲडमिशनला आपण दहा खेपा मारतोच की.

यंदा बहिरमच्या यात्रेला गेलो. आमच्याच तालुक्यातली, महिनाभर चालणारी यात्रा. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा पुढं आला. वऱ्हाडात दातांची परीक्षा घ्यायची तर रोडग्याहून कडक परीक्षक नाही. मी तो चुरला, तुपात भिजवला, लहान घास घेतला, डावीकडे-उजवीकडे चावला. कवळी जाग्यावर राहिली.

"काऊन जी, कसा हाय रोडगा?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"मस्त आहे," मी म्हणालो. त्यातला 'स' आणि 'त' दोन्ही स्वच्छ उमटले.

नातवानं तेवढ्यात मोबाइल पुढं केला. "आजोबा, फोटो! हसा!"

मी म्हणालो, "थांब. आधी खाऊ दे."