टाच टेकायच्या आधी बोहल्यावर चढवू नका



या वेळी चातुर्मासातल्या स्वयंपाकावर लिहिणार होते. ते पुढच्या खेपेला. आज अक्काच्या मुलाबद्दल लिहिते, तिला आणि त्याला विचारून. “लिही, लपवून काय मिळालं आपल्याला?” असं अक्काच म्हणाली.

भाचा 29 वर्षांचा, चांगल्या नोकरीत. उंची 5 फूट 3 इंच. तीन वर्षं स्थळं बघितली आणि प्रत्येक घरून एकच निरोप, मुलगा गुणी आहे, पण... शेवटी त्यानं परगावी जाऊन दोन्ही पायांची, गुडघ्याखालची, उंची वाढवायची शस्त्रक्रिया करून घेतली. 6 सेंटीमीटर मिळाले. मला ती पटली नव्हती, आजही पटत नाही. पण माझं भांडण शस्त्रक्रियेशी नाही, त्यानंतर आपण सगळ्यांनी जे केलं त्याच्याशी आहे.

ही पद्धत मुळात हौसेसाठी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियातल्या कुर्गानमध्ये डॉ. इलिझारोव्ह यांनी न जुळणाऱ्या, आखूड राहिलेल्या हाडांसाठी ती बसवली. हाड कापायचं, पायाभोवती चौकट लावायची आणि काही दिवसांनी दोन तुकडे रोज साधारण 1 मिलिमीटरनं, तेही चार वेळा थोडं थोडं करून, दूर करत न्यायचे. मधल्या फटीत नवीन हाड तयार होतं. हाड असं वाढतं, पण पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड शीर त्या वेगानं वाढत नाहीत. त्या ताणल्या जातात, आखडतात. रोज ताण दिला नाही तर टाच वर उचलली जाते आणि माणूस चवड्यांवर उभा राहतो. पोटरीचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून गुडघाही पुरता सरळ होत नाही. मग तोल सांभाळायला कंबर आत जाते, पोट पुढे येतं. कित्येक महिने न वापरल्यानं मांड्या आणि कुल्ले बारीक झालेले असतात, त्यामुळे चाल बदकासारखी डुलते. यात मुलाचा आळस नसतो, हे आधी समजून घ्या.

दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं, रोज तीन वेळा व्यायाम, आठवड्यातून काही दिवस फिजिओथेरपी. आम्ही काय केलं? दार लावून घेतलं. शेजारी सांगितलं, तो बंगळुरूला प्रोजेक्टवर आहे. गावातल्या फिजिओच्या बाई आपल्याच समाजातल्या, म्हणून त्यांना बोलावलं नाही. कळेल ना सगळ्यांना! अडीच महिने असे गेले. एक दिवस अक्कानं बघितलं, तर टाच जमिनीपासून दोन बोटं वर.

त्यातच एक स्थळ जुळत आलं. पाहुण्यांना सांगितलं, पाय मुरगळलाय. पुढच्या महिन्यातली तारीख धरायची म्हणून घरातले मोठे मागे लागले. दशलक्षणात उत्तम सत्यावर व्याख्यान ऐकून आलेलीच माणसं ही! मी अक्काशी तेव्हाच भांडले. भाच्यानं स्वतः मुलीला फोन करून सगळं सांगितलं. स्थळ मोडलं. अक्का दोन दिवस नीट जेवली नाही, पण तिसऱ्या दिवशी फिजिओच्या बाईंना तिनंच फोन केला.

आता उपदेशाबद्दल. एक काकू म्हणाल्या, संस्थान नामकर्मानं मिळालेल्या शरीरात ढवळाढवळ केली, म्हणून भोगतोय. काकू, तुमचा गुडघा बदलला तेव्हा नामकर्म आठवलं नव्हतं. दुसऱ्यांनी सुचवलं, पर्वात दहा दिवस एकाशन कर, पाप धुवून निघेल. अहो, सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ आहे ना? शक्ती पाहून तप. ज्याच्या मांडीत बसल्या जागेवरून उठायचं बळ नाही, त्याच्या ताटातली डाळ काढून कुठली निर्जरा होणार? वरण, पनीर, शेंगदाणे, दूध, सूर्यास्ताच्या आत चार वेळा विभागून द्या. आणि डॉक्टरांना विचारून ड आणि बी-12 ची तपासणी करून घ्या, आपल्या शाकाहारी घरांत ती राहून जाते. मालिशवाला मात्र नको. कोवळं हाड आहे ते.

बाईंनी सुरुवात वजनकाट्यापासून केली. काट्यावर पाऊल ठेवून डॉक्टरांनी सांगितलेल्या किलोंइतकाच भार द्यायचा, जास्त नाही. पट्ट्यानं चवडा स्वतःकडे ओढायचा, रात्री पाय काटकोनात धरणारी पट्टी. कुशीवर झोपून पाय उचलायचा, पाठीवर झोपून कंबर उचलायची. हे कंटाळवाणं असतं, दुखतं, आणि दोन महिने काही फरकच दिसत नाही. मग आरशासमोर उभं राहणं. पायांत चार बोटांचं अंतर, हात मोकळे, भार दोन्हीकडे सारखा. अक्का बघत होती, म्हणाली, “हा तर कायोत्सर्ग!” त्या दिवसापासून तो जपाबरोबर पाच मिनिटं असाच उभा राहतो. चौकट आठ महिन्यांनी निघाली. शीर सैल करायची आणखी एक शस्त्रक्रिया लागेल असं डॉक्टर म्हणाले होते, ती सध्या टळली आहे. आज दीड वर्ष झालं. उजवी टाच टेकते, डावी जिना उतरताना अजून उचलते.

तुमच्या घरात, नात्यात असा मुलगा असेल (मुलगीही असेल), तर फिजिओला घरी येऊ द्या आणि शेजारणीनं विचारलं तर खरं सांगा. लग्नाची तारीख डॉक्टरांच्या तारखेनंतर धरा.

आणि वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर नावाखालोखाल उंचीचाच रकाना आहे, शिक्षणाच्याही आधी. तो काढावा, असं पत्र मी समितीला लिहिलंय. खाली अकरा सह्या झाल्यात, त्यात फिजिओच्या बाईंची आणि अक्काची आहे. रविवारी अभिषेकानंतर पत्र माझ्या पिशवीत असेल.