बाँडवरची गाडी

माझ्या मावसभावाने मागच्या वर्षी नांदेडहून एमएच 26 पासिंगची जुनी गाडी लातूरला आणली. नोटरी केलेला बाँड, दोन साक्षीदार, वर पेढे... सगळं रीतसर! फक्त आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता. "थोडेच हप्ते राहिलेत, एनओसी महिन्याभरात देतो," म्हणे. मालकाने पैसे घेतले, हप्ते थकवले. एके दिवशी कंपनीची माणसं दारातून गाडी घेऊन गेली.

सगळे म्हणाले, बिचाऱ्याचं नशीब. नशीब कसलं डोंबलाचं? मोटार वाहन कायदा 1988, कलम 51 सरळ सांगतं: फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय अशी गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बाँड तुम्हा दोघांतला. कंपनीने त्यावर सही केलीय का?

शेत घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतोच ना? मग गाडी घेताना "ओळखीतलाच माणूस आहे" कुठून येतं? कागद मागितला की समोरच्याला राग येतो. येऊ द्या की!

उरलेलं कर्ज थेट कंपनीच्या खात्यात भरा, एनओसी आणि सही केलेला फॉर्म 35 हातात घ्या, मगच मालकाला बाकीचे पैसे द्या. त्याला हे जमत नसेल तर उठून या. बसस्टँडवरून एसटी मिळते.