माळ्यावरचा 'उद्यम'

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लक्ष्मीनगरच्या घराचा माळा उतरवला. घर आता आमचे राहायचे नाही. प्लॉटवर फ्लॅट स्कीम व्हायची आहे, बिल्डरशी करार झाला आहे आणि दिवाळीच्या आत जागा मोकळी करून द्यायची आहे. नागपुरात ज्यांची पन्नास-साठ वर्षांची बैठी घरे होती त्यांतल्या पुष्कळांवर ही वेळ आली आहे, तेव्हा त्याचे रडगाणे गात नाही. भांडी, तांब्याचा बंब, आईचा शिसवी पलंग यांची वाटणी अर्ध्या दिवसात झाली. अडले ते तीन लोखंडी ट्रंकांपाशी. त्यांत बाबांची मासिके होती.

बाबा एजी ऑफिसात कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबांवर खुणा करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन काहीतरी करून बघायचे, हा त्यांचा क्रम. 'करून बघणे' हाच त्यांचा छंद. कधी शाई, कधी साबण, कधी गुलाबाची कलमे, कधी रेडिओ. या सगळ्या उपद्व्यापांचे मूळ त्या ट्रंकांत होते. सर्वांत खाली १९४४ ते १९५८ पर्यंतचे 'उद्यम'चे अंक. मधले काही गहाळ, पण शंभराच्या वर नक्की. त्यावर 'सृष्टिज्ञान'. आणि सर्वांत वर मी कॉलेजात असल्यापासून घेतलेले 'सायन्स टुडे' आणि 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'. बाप-लेकांचा छंद थराथराने रचून ठेवलेला.

आजच्या तरुण वाचकांना 'उद्यम' ठाऊक असण्याचे कारण नाही. हे मासिक नागपूरचे. धरमपेठेतून निघायचे. वि. ना. वाडेगावकर त्याचे संपादक. शेती, बागाईत, घरगुती उद्योग, विज्ञान, आरोग्य असा त्याचा पसारा होता आणि त्याची हिंदी आवृत्तीही निघत असे. कथा-कवितांच्या मासिकांना पुण्या-मुंबईचा वारा लागतो. हे मासिक मात्र आपल्या संत्र्या-कापसाच्या मातीतले. बाबा तेव्हा महालात एका वाड्यात राहत. ते सायकल मारत धरमपेठेत जाऊन अंक घेऊन येत, पोस्टाने आला तर कोपरे दुमडतात म्हणून.

दादाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, ''अरे, त्यांचे काय लोणचे घालणार आहेस? बाबा जाऊन वीस वर्षे झाली. वीस वर्षांत तू एकदा तरी ती ट्रंक उघडलीस?'' प्रश्न झोंबला, कारण खरा होता. नव्या फ्लॅटमध्ये माझ्या वाट्याला दोन खोल्या. तिथे देवघराला कोपरा शोधताना नाकी नऊ आले, ट्रंका कुठे ठेवणार? दुसऱ्या दिवशी नेहमीचा कबाडीवाला आला. त्याने ट्रंकेत डोकावून अंदाज बांधला. ''काकाजी, नव्वद किलो भरन. किलोचे चौदा देतो.'' म्हणजे साडेबाराशे रुपये. त्याने काटा काढला आणि मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात ये.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा ते अंक नीट पाहिले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती कागदाची. दुसऱ्या महायुद्धात कागदावर सरकारी नियंत्रण होते. त्या काळातले अंक हडकुळे, खरखरीत. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल राहते. तो आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. त्याला आमचा चेचाळीस-सत्तेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा मिळाली की विचारायलाच नको. टाचण्या गंजलेल्या, कडांना कसर लागलेली. बाबांनी वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता म्हणून वाळवी तेवढी शिरली नाही. याच आपल्या भागात नेपानगरला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा नेपानगरही मध्य प्रदेशात आणि नागपूर त्या राज्याची राजधानी. आज हे सांगितले की नातवंडे माझ्याकडे संशयाने बघतात!

दुसरी गोष्ट, समासातली पेन्सिल. शाईची एक कृती: हिरड्याचा काढा, हिराकस, थोडा डिंक. समासात बाबांचे बारीक अक्षर, 'रंग उत्तम. निब खाते.' खरेच, हिराकशीची शाई आम्लधर्मी असते, पोलादी निब तिच्यात टिकत नाही. साबणाच्या लेखाशेजारी, 'खोबरेल महाग. जवसावर केला. मऊ, आकार धरत नाही. सौ. नाराज.' ही सौ. म्हणजे माझी आई. तिची नाराजी मला आठवते आहे. तो साबण वडी म्हणून पाटावर ओतला होता आणि आठ दिवसांनीसुद्धा तो शिऱ्यासारखाच होता. जवसाच्या तेलाचा साबण मऊच होतो, हे मी पुढे रसायनशास्त्रात शिकलो. बाबा ते पाट बिघडवून शिकले. पण इकडे जवस मुबलक आणि खोबरेल बाहेरून यायचे, तेव्हा विदर्भातल्या माणसाने जवसावर करून बघणे हेच खरे शास्त्र नव्हते काय?

आणि तिसरी गोष्ट शब्दांची. हिराकस, मोरचूद, नवसागर, टाकणखार, राळ, चंद्रस, जस्त. बाबा हे शब्द बाजारहाटाच्या शब्दांसारखे वापरत. इतवारीतल्या दुकानात जाऊन ''पावशेर हिराकस'' म्हटले की पुडी मिळत असे. माझी नात दहावीला आहे, मराठी माध्यमात. तिला कॉपर सल्फेट माहीत आहे, मोरचूद नाही. तिचा दोष नाही. तिच्या हातात ज्या पुस्तकातून मोरचूद आला असता ते पुस्तक आपण किलोच्या भावाने विकत आलो आहोत.

माझी तक्रार इथेच आहे. मराठीत वाङ्मयीन मासिकांचा सन्मान झाला, तो व्हायलाच हवा होता. 'सत्यकथे'चे जुने अंक कोणाकडे निघाले तर चार जाणकार घरी येतात. पण ज्या मासिकांतून सामान्य मराठी माणूस कलमे बांधायला, हिशेब ठेवायला, बॅटरी जोडायला शिकला, ती मासिके म्हणजे रद्दी, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. 'किर्लोस्कर' तरी काय होते? नांगर करणाऱ्या कारखान्याचे १९२० साली निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक. त्यातून शंकरराव किर्लोस्करांनी मराठीतले एक अग्रगण्य मासिक उभे केले. 'सृष्टिज्ञान' १९२८ साली पुण्यात निघाले, प्रा. गो. रा. परांजपे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ते वाढवले. मराठी माणूस धंद्याच्या आणि विज्ञानाच्या मागे नव्हता असे जे आपण उठल्याबसल्या म्हणतो, त्याचे उत्तर या ट्रंकांमध्ये आहे.

अमेरिकेत छंदाच्या मासिकांची कदर वेगळी. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर' नावाचा घरी जोडायचा संगणक होता. तो अंक पॉल अ‍ॅलनने आपल्या मित्राला, बिल गेट्सला नेऊन दाखवला, आणि त्या यंत्रासाठी आज्ञावली लिहिता लिहिता 'मायक्रोसॉफ्ट' उभी राहिली. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चे शंभर वर्षांपूर्वीचे अंक आज मी लक्ष्मीनगरात बसून फुकट वाचू शकतो. घरापासून सायकलच्या अंतरावर छापलेल्या 'उद्यम'चे सुटे अंक कोणी कोणी संगणकावर चढवले आहेत. पण सुटे ते सुटेच.

तुम्ही म्हणाल, ग्रंथालये आहेत ना! मीही तसेच म्हणत एका ग्रंथालयात गेलो. नाव सांगत नाही. तिथल्या बाईंनी चहा दिला, आदराने ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ''काका, सुटे अंक आम्ही घेत नाही. ठेवायला जागा नाही, नोंद करायला माणूस नाही. घेतले तर पायऱ्यांखाली पडून राहतील.'' मला राग आला नाही. निदान त्या खरे बोलल्या. जुने ग्रंथ देणाऱ्या माणसाला आपण पुण्य केले असे वाटत असते, आणि घेणाऱ्याच्या गळ्यात मात्र गाठोडे पडते.

सरकारी व्यवस्था अगदीच नाही असे नाही. प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली अशा चार ठिकाणी पाठवावी असा कायदा १९५४ साली झाला. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रे आणि नियतकालिके आली. म्हणजे बाबांचे बहुतेक अंक त्या दुरुस्तीच्या आधीचे! शिवाय ग्रंथालयात वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकायची जुनी पद्धत आहे. बाबांचे अंक सुटेच राहिले म्हणून त्यांच्या जाहिराती शाबूत आहेत. तेलघाणे, मोटारपंप, बियाणे, रेडिओचे सुटे भाग... त्या काळात नागपूरच्या माणसाला काय विकत घ्यावेसे वाटत होते, हे त्या पानांइतके कोण सांगेल?

मुलगी म्हणाली, ''बाबा, सगळ्यांचे फोटो काढू आणि टाकू इंटरनेटवर.'' इथेही एक मेख आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे लेखनहक्क राहतो. लेखक १९६० साली वारला असेल तर २०२० संपल्यावर तो लेख मोकळा. निनावी लेखाला छापल्यापासून साठ वर्षे. एकेका अंकात दहा-बारा लेखक, कोण कधी गेले ते कोण शोधणार? स्वतःच्या वाचनापुरते फोटो काढायला हरकत नाही, जगाला वाटायचे तर चौकशी हवी. मुलीने कपाळाला हात लावला.

शेवटी मी कारकुनाच्या मुलाला शोभेल तेच केले. दोनशे पानी वही आणली आणि यादी केली. महिना, वर्ष, मुखपृष्ठ आहे की नाही, पाने किती शाबूत, बाबांची पेन्सिल आहे की नाही. तीन रविवार गेले. सुनेने तोंडाला बांधायला रुमाल दिला, कारण धुळीने मला खोकला धरला होता. पण यादी झाल्यावर निम्मा प्रश्न आपोआप सुटला. 'सायन्स टुडे' टाइम्स गटाचे, भारतभर जाणारे. ते अनेक ठिकाणी जपलेले आहेत. ते कबाडीत, आणि मनात किंतु न ठेवता. माझे तारुण्य त्यात गेले हे खरे, पण त्याला लोकांनी जागा का द्यावी? 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' सीताबर्डीच्या एका दुरुस्तीवाल्याला दिले. तो अजून जुने अ‍ॅम्प्लिफायर जिवंत करतो आणि त्याला त्या आकृत्या लागतात.

'उद्यम' आणि 'सृष्टिज्ञान'ची यादी तीन ग्रंथालयांना पाठवली. 'माझा संग्रह घ्या' असे या खेपेला लिहिले नाही. 'यांपैकी तुमच्याकडे कोणते नाहीत?' एवढेच विचारले. दोघांचे उत्तर नाही. तिसऱ्याचे आले: 'उद्यम'चे तेवीस अंक आमच्याकडे नाहीत, मुखपृष्ठांसह असतील तर अवश्य पाठवा. नव्वद किलोंतून तेवीस अंक! पण त्या पत्राने मला जे समाधान दिले ते सत्काराच्या शालीने दिले नसते. पेन्सिलीच्या खुणांचे एकतीस अंक मी ठेवले आहेत, पलंगाखाली मावतात. त्यातले चार त्या तेविसांतही आहेत. ते द्यावेत की ठेवावेत यावरून दादाशी पुन्हा वाद झाला. विशेष म्हणजे या वेळी 'देऊ नकोस' असे तो म्हणत होता. मी ते द्यायचे ठरवले आहे, खुणांसकट. 'सौ. नाराज' हे मात्र घरीच राहील.

कबाडीवाला पुन्हा आला तेव्हा ओसरीत ढीग लावलेले होते. त्याने न्यायचा ढीग बांधला आणि दुसऱ्याच ढिगातला एक अंक उचलून उभ्याउभ्या वाचू लागला. मी म्हटले, तो नाही द्यायचा.

''नाही नेत, काकाजी. यात फिनेल बनवाचं लिहिलं हाये. राळ, कॉस्टिक... माह्या पोराले काही धंदा पाह्यजे. एक फोटो काढू का?''

तो तेविसांतला अंक होता. मी पान दाबून धरले, त्याने मोबाईलवर दोन फोटो काढले. मग मान वाकडी करून समासातली पेन्सिल वाचली आणि विचारले, ''हे 'वास टिकत नाही' कोनं लिहिलं?''