मेजर भौतिकशास्त्र, मायनर गणित

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे; साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. विज्ञान शिकायला अशी महाविद्यालये असूनही अभियांत्रिकी हुकली की बीएस्सी, ही घरोघरची समजूत जात नाही. ती चुकीची आहे. बीएस्सीच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश ग्रेटिंगमधून नीट पाहिला, की एका रेषेच्या दोन होतात: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा पुरावा तिथे डोळ्यांना दिसतो. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय निवडण्याची मुभा दिली आहे. भौतिकशास्त्र मेजर घेणाऱ्याने मायनर गणितच घ्यावे. सोप्या विषयाचा मोह एमएस्सीला महागात पडतो. भौतिकशास्त्र मायनर घेणाऱ्यांच्या प्रॅक्टिकलला महाविद्यालयांनी कात्री लावू नये. पालकांनीही प्रवेशाआधी एकदा प्रयोगशाळा पाहून यावी.